उशीच्या उंचीवरून

येर्कानं स्क्रूड्रायव्हरचं टोक बिजागरीच्या खिळीखाली धरलं आणि हातोडीचा घाव घातला. खिळी हलली नाही. दुसऱ्या घावाला पांढऱ्या रंगाचा एक पापुद्रा उडून तिच्या चपलेवर पडला. तिसऱ्या घावाला खिळी अर्धी वर आली.

"काय पाडतेस?" पलंगावरून विन्कोनं विचारलं.

"दार."

"दारानं तुझं काय घोडं मारलंय?"

"पलंग बाहेर निघत नाही. दोन बोटं कमी पडतात. हात आत घे तो."

विन्कोनं उजव्या हातानं डावा हात उचलून पोटावर ठेवला. फेब्रुवारीत झटका आल्यापासून डावं अंग त्याचं राहिलं नव्हतं. शब्द शाबूत होते, पण जाळ्यातून एकेक मासा सोडवून काढावा तसे येत. येर्कानं दार भिंतीला टेकवलं, चाकांचे ब्रेक सोडले आणि कमरेचा जोर लावून पलंग ढकलला. लग्नाआधी ती सान पेद्रोला मासे डबाबंद करायच्या कारखान्यात होती. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही तिचे दंड तेव्हाचेच होते. चौकटीला घासत पलंग हॉलमध्ये आला आणि मोठ्या खिडकीखाली जाऊन थांबला.

नगरपालिकेची बाई अकरा वाजता यायची होती.

पॉइंट ब्रिजिदाच्या टेकडीवर घरं पायऱ्यांसारखी एकावर एक बसलेली आहेत आणि सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. खालच्यानं घर वाढवलं की वरच्याचा समुद्र जातो. म्हणून गावानं फार वर्षांपूर्वी नियम केला: शेजाऱ्याचा देखावा झाकून कुणी मजला चढवायचा नाही. पण देखावा मोजायचा तो हॉलमधून, जेवणाच्या टेबलापासून, स्वयंपाकघरातून. झोपायची खोली आणि न्हाणीघर नियमात धरलेलं नव्हतं. माणूस झोपायच्या खोलीत झोपतो, बघत बसत नाही, असं नियम करणाऱ्यांना वाटलं असावं. त्यांच्यापैकी कुणी अंथरुणाला खिळलं नसावं तेव्हा.

बांधणाऱ्यानं आधी खांब रोवून, दोऱ्या ताणून, त्यांवर केशरी जाळी लावून नव्या घराचा आकार उभा करून दाखवायचा, हाही नियमच. खालच्या टुटुंजियान कुटुंबानं तो तीन आठवड्यांपूर्वी उभा केला होता. उभं राहून पाहिलं तर जाळीच्या वरून समुद्र दिसे, कातालिना बेटाची पाठ दिसे, बंदराबाहेर ताटकळलेली मालवाहू जहाजं दिसत. येर्का गुडघ्यांवर बसली. तिनं आपला गाल विन्कोच्या उशीवर, त्याच्या कानाशेजारी टेकवला आणि एक डोळा मिटून खिडकीतून पाहिलं. केशरी जाळी. तिच्यावर आकाश. बाकी काही नाही.

"बरोबर," ती म्हणाली आणि पलंगाचा कठडा धरून उठली.

"काय बरोबर?" विन्को म्हणाला. पण तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

बाई नव्हती. नझेली टुटुंजियान होती, खालच्या घरातली. घाईत निघाल्यासारखी, पायात घरातल्या सपाता, केस तसेच वर बांधलेले. दोन वर्षांपूर्वी राहायला आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती येर्काला तेता म्हणू लागली होती. शब्द विन्कोनंच शिकवला होता, आमच्याकडे मावशीला असं म्हणतात म्हणून. खांब उभे राहिल्यापासून तो शब्द तिच्या तोंडून गेला होता.

"मिसेस विटालिच," ती उंबऱ्यावरूनच म्हणाली, "खालून दिसलं मला. तुम्ही त्यांना हॉलमध्ये आणलंत."

"आणलं."

"आज. ती बाई यायच्या दिवशी."

"माझा नवरा माझ्या घरात कुठे निजेल, ते तुला विचारून ठरवू?"

"परवापर्यंत ते मागच्या खोलीत होते. मी स्वतः सूप घेऊन आले होते, तिथेच बसले होते त्यांच्यापाशी." नझेलीचा आवाज चढला, मग आत विन्को आहे हे आठवून उतरला. "नियमात बसावं म्हणून माणसाला ढकलत आणता?"

"आणि तू? माझ्या खिडकीत भिंत घालतेस ती कुठल्या नियमात?"

"मी दोन खोल्या मागतेय! आईबाबांसाठी. बैरूतच्या बंदरातल्या स्फोटात घराच्या काचा गेल्या, आता खिडक्यांना पुठ्ठे लावून राहतायत ती दोघं. कुठे ठेवू त्यांना, गॅरेजमध्ये?"

"मागे बांध."

"मागे उतार आहे. मागे खणायला तुमचंच गाव परवानगी देत नाही. विचारलंय मी, तीनदा." तिनं कपाळावरचे केस मागे सारले. "तुम्हाला समुद्र हवाय. माझ्या बाबांना तर बंदराच्या बाजूला खिडकीसुद्धा नकोय. त्यांनी सांगितलंय, तिकडे सरळ भिंत घाल."

"मग घाल की. दुसऱ्या बाजूला."

आतून विन्कोचा आवाज आला, "कोण आहे?"

"कुणी नाही," येर्का म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

नगरपालिकेची बाई वेळेवर आली. क्विंटाना तिचं नाव, वय तिशीचं, खांद्यावर कॅमेरा आणि काखेत तिपाई. तिनं बूट दाराशी काढले, हे येर्काला आवडलं. तिनं तिपाई हॉलच्या मध्ये लावली, टेपनं उंची मोजली, एक फोटो उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवरून घेतला, एक बसलेल्या माणसाच्या. मग स्वयंपाकघरात बेसिनपाशी उभं राहून तिथलाही घेतला.

"आता इथून," येर्का म्हणाली आणि उशीवर बोट ठेवलं.

"मिसेस विटालिच, नियमात उभा माणूस आहे, बसलेला आहे. झोपलेला नाही."

"माझ्या घरात आहे."

क्विंटानानं पलंगाकडे पाहिलं, मग पलीकडे, बिजागरीवरून काढून भिंतीला टेकवलेल्या दाराकडे. कॅमेरा तिपाईवरून काढून ती गुडघ्यांवर बसली, विन्कोला "माफ करा हं" म्हणाली आणि त्याच्या डोक्याशेजारी कॅमेरा धरून फोटो घेतला.

"हा मी समितीपुढे ठेवीन," ती उठताना म्हणाली. "मानायचा की नाही ते त्यांच्या हातात आहे. बहुतेक मानतील. आजारी माणूस म्हटलं की पाचातले तीन तरी विरघळतात. पण एक विचारावं लागेल. ते इथेच असतात ना? म्हणजे रोज?"

"आजार झाल्यापासून इथेच," येर्का म्हणाली.

"मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

विन्कोनं मान वळवून बायकोकडे पाहिलं. येर्का ॲप्रनच्या काठाला हात पुसत होती, ते कोरडेच होते.

"इथेच," विन्को म्हणाला. "ती म्हणते तसं."

क्विंटाना गेली. येर्कानं पोगाचा, मासे भरून भाजलेली रोटी, गरम केली, कडा कापून मधला मऊ भाग त्याला भरवला आणि कडा स्वतः उभ्यानं खाल्ल्या.

त्यानंतरचे दिवस विन्को हॉलमध्येच होता. सुनावणीपर्यंत कुणीही खालून वर पाहिलं तर तो तिथे दिसायला हवा होता. येर्का सकाळी पलंगाचं डोकं वर करी, पाठीमागे दोन उशा लावी, म्हणजे त्याला जाळीच्या वरून पाणी दिसावं.

"बघ, आज बेट कसं स्वच्छ आहे."

"हं."

"ती निळी बोट बघितलीस? कुणाची असेल? पाण्यात अशी खाली बसलीय म्हणजे पोट भरून आलीय."

"हं," विन्को म्हणे आणि डोळे मिटून घेई. तिला वाटे, थकतो बिचारा.

एका दुपारी वारा सुटला आणि खालच्या कोपऱ्यातल्या खांबाची दोरी तुटली. केशरी जाळी एका टोकाला सुटून फडफडू लागली. वार्तान, नझेलीचा नवरा, शिडी घेऊन आला. तो दातांचा डॉक्टर होता. शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून तो एका हातानं जाळी धरायचा आणि दुसऱ्या हातानं दोरी बांधायचा प्रयत्न करत होता.

"सुटणार," पलंगावरून विन्को म्हणाला.

येर्का कपडे घडी करत होती. तिनं वर पाहिलं.

"काय सुटणार?"

"गाठ. बघ तू. बुटाची नाडी बांधतोय तो."

वार्तान शिडी उतरला, चार पावलं मागे गेला, कमरेवर हात ठेवून पाहू लागला. दोरी सुटली. जाळी थेट त्याच्या तोंडावर आली. विन्को हसला. आधी नुसताच श्वास लागल्यासारखा आवाज आला आणि येर्का घाबरून उठली. मग तिला कळलं की हे हसू आहे. तोंडाची उजवी बाजूच वर जात होती, पण डोळ्यांतून पाणी येत होतं.

"पुन्हा चढला," तो म्हणाला. "चढला बघ गाढव. अरे, दोन वेढे घे! दोन!"

तीन वेळा वार्तान चढला आणि तीन वेळा उतरला. विन्को शेवटपर्यंत पाहत राहिला. डोळे मिटले नाहीत त्यानं. संध्याकाळी त्यानं स्वतःहून जेवायला मागितलं.

सुनावणीच्या दिवशी दुपारी येर्का त्याची दाढी करत होती. ती संध्याकाळी नगरभवनात जाईल तेव्हा चर्चमधली पेरिना त्याच्यापाशी बसायला यायची होती. येर्का मनात बोलायचं वाक्य घोळवत होती आणि मधूनच ते ओठांवर येत होतं.

"काय पुटपुटतेस?"

"तिथे बोलायचं ते. 'माझ्या नवऱ्याचं सगळं आयुष्य या समुद्रावर गेलं. आता त्याला एवढंच उरलंय.' बरं आहे ना?"

विन्कोनं उजव्या हातानं तिचं मनगट धरलं. वस्तरा त्याच्या गालापाशी थांबला.

"काय उरलंय?"

"समुद्र. बघायला."

"मी कशाला बघू?" तो म्हणाला. त्यानं शब्द गोळा केले. "मी समुद्र बघायला कधी गेलो नाही, येर्का. मासे बघायला जायचो. समुद्र मधे यायचा."

"असं काय बोलतोस?"

"खरं तेच. थंडी, ओलं, ओकारी. घरी आलो की समुद्राकडे पाठ करून बसायचो मी. तुला आठवत नाही? टेबलाची ती खुर्ची माझी का होती?"

येर्काला आठवलं. खिडकीकडे पाठ असलेली खुर्ची.

"समुद्र तू बघायचीस," विन्को म्हणाला. "बोट धक्क्याला लागायच्या आत बटाटे शिजायला लागलेले असायचे. मला काय कळत नव्हतं?"

तिनं मनगट सोडवून घेतलं. उरलेला गाल तिनं एकाच ओढीत केला आणि हनुवटीखाली थोडं कापलं. कागदाचा कपटा लावून ती वस्तरा धुवायला आत गेली. नळ बराच वेळ चालू राहिला.

नगरभवनाच्या सभागृहात पंधरा-वीस माणसं होती. पुढे उंच टेबलामागे समितीचे पाच जण बसले होते आणि बाजूला क्विंटाना, फोटो लावायला. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. बोलायच्या जागी एक छोटा दिवा होता, वेळ संपली की लाल होणारा.

आधी नझेलीला बोलावलं. तिनं आईवडिलांचं सांगितलं, उताराचं सांगितलं. छप्पर आणखी थोडं खाली घ्यायची तयारी आहे म्हणाली. येर्का पर्स मांडीवर घट्ट धरून पलंगाची गोष्ट निघायची वाट पाहत होती. आता सांगेल. आता म्हणेल, दार काढून आणलं त्यांना. पहिल्या रांगेतून वार्तान पुढे झुकून बायकोला काहीतरी कुजबुजला. नझेलीनं त्याच्याकडे न पाहता मान हलवली, नाही म्हणून, आणि दिवा लाल व्हायच्या आधीच जागेवर येऊन बसली.

"मिसेस विटालिच," अध्यक्षांनी हाक मारली.

क्विंटानानं पडद्यावर उशीवरचा फोटो लावला. जवळजवळ सगळा पडदा केशरी झाला. मागे कुणीतरी चुकचुकलं. समितीतल्या एका बाईंनी चष्मा काढून येर्काकडे मायेनं पाहिलं.

येर्का दिव्यापाशी उभी राहिली. पाठ केलेलं वाक्य तिच्या तोंडात तयार होतं.

"हा फोटो माझ्या नवऱ्याच्या उशीवरून काढलाय," ती म्हणाली. "तो उठू शकत नाही."

"आम्हाला कल्पना आहे," अध्यक्ष म्हणाले. "सावकाश बोला."

"पलंग मी हलवला. त्याच सकाळी. आधी तो आत असायचा, झोपायच्या खोलीत. दार काढून आणला मी त्याला."

सभागृहात चुळबुळ झाली. क्विंटाना समोरच्या कागदांकडे पाहत राहिली.

"म्हणजे हा फोटो आम्ही धरायचा नाही, असं तुमचं म्हणणं?"

"धरू नका. तो समुद्र बघत नाही. त्याला आवडत नाही समुद्र." तिनं पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मी बघते. स्वयंपाकघरातून. उभी राहून. माझा धरा."

क्विंटानानं दुसरा फोटो लावला. पडद्यावर समुद्र आला, निळा, भरपूर, पलीकडे बेट. खालून टुटुंजियानांची जाळी वर आलेली, तिनं खालची एक पट्टी झाकलेली.

"समुद्र तर राहतोय बऱ्यापैकी," समितीतले एक गृहस्थ म्हणाले. आवाजात वाद नव्हता, ते खरोखरच शोधत होते. "तुमचं नक्की काय जातं, मिसेस विटालिच?"

ती पडद्याजवळ गेली आणि जाळीवर बोट ठेवलं. "इथे बंदराचं तोंड आहे. बोटी इथून आत येतात. हे जातं."

"तुमच्या घरातलं कुणी अजून बोटीवर असतं?"

"नाही."

"बोट आहे तुमची?"

"विकली. केव्हाच."

"मग…"

"मग काही नाही," येर्का म्हणाली. "सवय आहे."

दिवा अजून हिरवाच होता. ती जागेवर जाऊन बसली.

चार विरुद्ध एक. मजला बांधायचा, छप्पर एक फूट खाली घ्यायचं. तो एक विरोध चष्म्यावाल्या बाईंचा होता. बाहेर पार्किंगमध्ये अजून ऊन होतं. येर्का पर्समध्ये किल्ली शोधत असताना मागून सँडलांचा आवाज आला.

"मिसेस विटालिच."

येर्का वळली नाही.

"तुम्ही तसं बोलला नसता तर आमचं काही खरं नव्हतं," नझेली म्हणाली. "तो पहिला फोटो बघून सगळे तुमच्या बाजूचे झाले होते."

"माहीत आहे मला."

"मग का सांगितलंत?"

"तू का नाही सांगितलंस?"

दूर गाडीपाशी वार्तान दार उघडून उभा होता. येर्काला किल्ली सापडली.

"भिंत घालणार आहेस ना बंदराच्या बाजूला?" ती गाडीत बसताना म्हणाली. "तुझ्या वडिलांसाठी?"

"हो. खिडकी नाही ठेवणार."

"छोटी ठेव एखादी. वर. उजेडाला. म्हातारी माणसं काय, आज नको म्हणतात." तिनं दार ओढून घेतलं आणि नझेली काही बोलायच्या आत गाडी मागे घेतली.

घरी पेरिना विणकाम गुंडाळून तयारच बसली होती. "एक शब्द बोलला नाही माझ्याशी," ती निघताना दारात म्हणाली. "नुसता खिडकीबाहेर बघत बसलाय. जीव तुटतो गं बघून."

विन्को जागा होता. हनुवटीखालचा कागदाचा कपटा अजून तसाच होता.

"काय झालं?"

"बांधणार आहेत."

"वरचा मजला?"

"वरचा मजला. एक फूट खाली घ्यायला लावलंय." तिनं पर्स टेबलावर ठेवली. तिला वाटलं, तो आता काहीतरी बोलेल. गेलं तर गेलं म्हणेल, नाहीतर तिच्याकडे पाहील. पण तो खाली, केशरी जाळीकडे पाहत होता.

"किती दिवस लागतील?" त्यानं विचारलं.

"कशाला?"

"बांधायला गं."

"मला काय माहीत. वर्ष. परवान्यांचंच काय काय असतं. सुतार येणार, मग ते छपरावाले. बरंचसं काम तो वार्तान स्वतःच करणार आहे म्हणे, पैसे वाचवायला."

"तो?" विन्कोच्या तोंडाची उजवी बाजू वर गेली. "मग दोन वर्षं धर."

येर्का थबकली. फेब्रुवारीपासून तो पुढच्या रविवारापलीकडचं काही बोलला नव्हता. ईस्टरला पेरिनानं नाताळचं काहीतरी काढलं तेव्हा त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"दोन वर्षं," तो पुन्हा म्हणाला, या खेपेला स्वतःशीच, हिशेब बरोबर आहे का पाहावा तसा. "आधी जुनं छप्पर काढतील. मग वासे उभे करतील. वासे चढवायच्या दिवशी मला उठवून बसव. नीट. पाठीला उशा लावून."

"तोवर पुढचा हिवाळा येईल."

"येऊ दे. टोपी घालीन मी."

येर्कानं स्वेटरची बटणं सोडायला घेतली. ती सुटलेलीच होती.